गाणं मध्येच तोडू नका

अमेरिकन जाझ गायिका बिली हॉलिडेचं हलतं-बोलतं चित्रण जगात फार थोडं आहे. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदावरचा 1935 सालचा 'सिंफनी इन ब्लॅक' हा छोटासा लघुपट, त्यात विशीतली बिली एक ब्लूज गाते. 1947 चा 'न्यू ऑर्लीन्स', त्यात ती लुई आर्मस्ट्राँगबरोबर आहे, पण मोलकरणीच्या भूमिकेत. 1950 मध्ये काउंट बेसीच्या संचाबरोबर केलेला आणखी एक लघुपट. मग टीव्हीवरचे मोजके कार्यक्रम आणि शेवटी, फेब्रुवारी 1959 मध्ये, लंडनच्या 'चेल्सी ॲट नाइन'मध्ये गायलेली तीन गाणी. त्याच वर्षी 17 जुलैला न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ती गेली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. पंचवीस वर्षांची कारकीर्द आणि कॅमेऱ्यासमोरचं सगळं गाणं एका संध्याकाळी बघून होईल एवढंच.

म्हणून तिच्यावरचा माहितीपट लागला की जीव वरखाली होतो. ती गायला लागते, पहिली ओळ होते, दुसरी अर्ध्यावर येते आणि तिच्या आवाजावर दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज चढतो. पडद्यावर तिचे ओठ हलत राहतात आणि आपल्याला ऐकू येतं ते तिच्या हेरॉइनबद्दल, तिला मारणाऱ्या पुरुषांबद्दल, तिच्या अटकेबद्दल. माहिती खरी असते, महत्त्वाचीही असते. पण जिच्या गाण्यासाठी आपण बसलो आहोत ती गातेय आणि तिलाच गप्प केलंय, हे मला सहन होत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कलावंताचं चित्रण दुर्मिळ आहे, त्याची रिळं किंवा टेप ज्याच्या हाती येतात त्याच्यावर ती अखंड लोकांपुढे ठेवण्याची जबाबदारी येते. माहितीपट कसा करायचा तो त्याने आपल्या मनासारखा करावा, हवं तिथे कात्री लावावी. पण ते गाणं कुठेतरी पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मूळ रूपात, कुणालाही बघता आलं पाहिजे. चित्रपटात जमत नसेल तर चित्रपटाबरोबर, नाहीतर ग्रंथालयात, संग्रहालयात, इंटरनेटवर. मूठभर शौकिनांचा हट्ट म्हणून हा विषय बाजूला टाकता येणार नाही. कलावंत मागे राहतो तो त्याच्या कामातून, आणि ते काम लोकांपर्यंत कसं पोचतं हा सार्वजनिक प्रश्न आहे.

तोडल्याने नेमकं काय जातं, ते एका उदाहरणात स्वच्छ दिसतं. 8 डिसेंबर 1957, रविवार. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर 'द साउंड ऑफ जाझ' नावाचा तासाभराचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. निर्माता रॉबर्ट हेरिज. कुणाला बोलवायचं ते ठरवलं नॅट हेंटॉफ आणि व्हिटनी बॅलिएट या दोन समीक्षकांनी. सजवलेला रंगमंच नाही. वादक रोजच्या कपड्यांत, कुणाच्या डोक्यावर हॅट, मागे वावरणारे कॅमेरे आणि वायरीसुद्धा दिसतात. बिली एका उंच स्टुलावर बसली आहे, साध्या कपड्यांत, केस मागे बांधलेले. भोवती अर्धवर्तुळात आहेत बेन वेब्स्टर, कोलमन हॉकिन्स, जेरी मलिगन, व्हिक डिकन्सन, रॉय एल्ड्रिज. आणि सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग.

गाणं आहे 'फाइन अँड मेलो'. तिचं स्वतःचं, 1939 मध्ये 'स्ट्रेंज फ्रूट'च्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला आलेलं. बारा बारचा, म्हणजे तालाच्या बारा खंडांचं एक आवर्तन असलेला, ब्लूज. तिचं एखादं कडवं होतं, मग वादकांची आवर्तनं, मग पुन्हा ती. वेब्स्टर आधी वाजवतो, रुंद, श्वासाने भरलेल्या सुरात. मग लेस्टरची पाळी येते. तो तेव्हा इतका खंगलेला होता की त्या दिवशी दुसऱ्या एका गाण्यातली त्याची जागा वेब्स्टरला घ्यावी लागली होती. 1937 पासून या दोघांनी एकत्र रेकॉर्डिंग केलेली. तिला 'लेडी डे' म्हणणारा तो आणि त्याला 'प्रेझ' हे नाव देणारी ती. नंतर दोघांत दुरावा आला होता. आता तो उठतो आणि एकच आवर्तन वाजवतो. पाऊण मिनिटाच्या आसपास. सूर मोजके, एकही दाखवण्यासाठी घेतलेला नाही, प्रत्येकाच्या मागेपुढे मोकळी जागा. आणि कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो.

त्या चेहऱ्यावर काय आहे ते सांगायला मी पुष्कळदा बसलो आहे. ती किंचित मान हलवते, ओठ जरासे उघडतात, भुवया वर जातात, एखाद्या जागेला हसू फुटतं, मग पुन्हा ती नुसती ऐकत राहते. जुन्या सख्याची आठवण त्यात आहे, हे सगळेच म्हणतात आणि खरंही असेल. मला त्याहून जास्त दिसतं ते एका गवयाने दुसऱ्याचं काम पारखणं. तो सूर कुठे लावणार ते तिला ठाऊक आहे, आणि त्याने तो तिथे न लावता थोडा उशिरा लावला तेव्हा तिची मान हलते. आपल्याकडे बैठकीत समोर बसलेला जाणकार जिथे 'क्या बात है' म्हणेल, नेमक्या त्या जागेवर. आणि लगेच पुढच्या कडव्यात ती जे गाते त्यात त्या ऐकण्याचा परिणाम असतो. तीही ओळ मागे खेचते, शब्द तालाच्या पाठीमागून आणते.

माहितीपटांत या प्रसंगातून काय उचललं जातं? तो चेहरा. काही सेकंद. खाली करुण निवेदन की हे दोघे दीड-दोन वर्षांत गेले, लेस्टर मार्च 1959 मध्ये आणि बिली चार महिन्यांनी. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पण आधीचं वेब्स्टरचं आवर्तन नाही, म्हणून लेस्टरचा तो हलका सूर किती वेगळा आहे ते कळत नाही. नंतरचं कडवं नाही, म्हणून बिलीने ऐकलेलं कसं परत दिलं ते कळत नाही. सलग आठ-नऊ मिनिटांच्या प्रसंगात एक कार्यकारणभाव आहे, तो मोडला की उरतो तो एक भावुक फोटो. तोही सुंदरच. पण त्यात गायिका उरत नाही, उरते ती एक दुःखी बाई.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. बिलीच्या आयुष्यात दुःखाला तोटा नव्हता आणि ते झाकावं असं मी म्हणत नाही. 1947 मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात तिला शिक्षा झाली. सुटून आल्यावर न्यूयॉर्कमध्ये 'कॅबरे कार्ड' हा परवाना नाकारला गेला, म्हणजे दारू मिळते अशा कुठल्याही क्लबात तिला गाता येईना. जाझ गायिकेसाठी हा पोटावर पाय होता. मरणाच्या खाटेवरही ती अटकेत होती, खोलीबाहेर पोलीस. हे सगळं सरकारी यंत्रणेने एका काळ्या कलावंताचं काय केलं त्याचा पुरावा आहे आणि तो पुन्हापुन्हा सांगितला पाहिजे. फक्त तो सांगताना तिचं काम पार्श्वसंगीत होऊन बसतं. माहितीपट संपल्यावर प्रेक्षकाला तिच्या नवऱ्यांची नावं ठाऊक असतात, पण ती काय वेगळं गात होती ते सांगता येत नाही. तिचा पल्ला मोठा नव्हता, एका सप्तकाच्या थोडा पलीकडे. त्या एवढ्याशा जागेत ती चाल जवळपास नव्याने बांधायची. साधी, बाजारू चाल असली तरी तिच्यातले दोन-तीन सूर काढून टाकून, उरलेल्यांना वेगळं वजन देऊन. हे कळायला गाणं पूर्ण ऐकावं लागतं, त्याला दुसरा रस्ता नाही. वीस सेकंदांत दुःख कळतं. कारागिरी कळायला वेळ लागतो.

'स्ट्रेंज फ्रूट'चं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. काळ्या माणसांना झाडाला टांगून मारण्यावरचं हे गाणं एबेल मीरोपोल या न्यूयॉर्कच्या शिक्षकाने लिहिलं. 1939 मध्ये 'कॅफे सोसायटी' या न्यूयॉर्कच्या क्लबात बिली ते गायला लागली तेव्हा तिथे काही नियम ठरले होते. हे गाणं सगळ्यात शेवटी. त्या वेळात वेटरांनी टेबलांवर काहीही आणायचं नाही. सगळे दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की तोही बंद, आणि टाळ्या कितीही पडल्या तरी ती परत यायची नाही. म्हणजे गिऱ्हाइकांच्या पैशावर चालणाऱ्या क्लबाने तीन-साडेतीन मिनिटं आपला धंदा थांबवला, का, तर गाणं तुटू नये. तिच्या नेहमीच्या कंपनीने, कोलंबियाने, ते रेकॉर्ड करायला नकार दिला. मिल्ट गेबलरच्या छोट्या कमोडोर कंपनीने एप्रिल 1939 मध्ये ते केलं.

त्याच गाण्याचं चित्रण 1959 च्या लंडनच्या कार्यक्रमात आहे. तिचा चेहरा ओढलेला, आवाज चिरलेला, आणि तरी शब्दन् शब्द पारखून टाकलेला. या चित्रणावर निवेदन चढवणाऱ्या, मध्ये फोटो घालणाऱ्या दिग्दर्शकाला मी एवढंच विचारीन की कॅफे सोसायटीतल्या वेटरांना जे पाळता आलं ते आपल्याला का पाळता येऊ नये?

2019 चा 'बिली' हा जेम्स अर्स्किनचा माहितीपट यातल्या गुंतागुंतीचा चांगला नमुना आहे. लिंडा लिपनॅक क्यूल नावाच्या पत्रकाराने सत्तरच्या दशकात बिलीचं चरित्र लिहायला घेतलं. काउंट बेसी, चार्ल्स मिंगस, टोनी बेनेट यांच्यापासून ते बिलीच्या बालपणीच्या ओळखीपाळखीच्या लोकांपर्यंत आणि तिच्या मागावर असलेल्या अंमलदारापर्यंत अनेकांना भेटून तिने सुमारे 200 तासांच्या मुलाखती कॅसेटवर घेतल्या. पुस्तक पुरं झालं नाही, 1978 मध्ये क्यूलचा मृत्यू झाला. त्या टेप पुढे खासगी संग्रहात राहिल्या आणि त्यांच्यावर हा चित्रपट उभा आहे. मेलेल्या माणसांचे आवाज आपण ऐकतो, आणि ते एकमेकांना छेद देतात, भांडतात, खोटंही बोलतात. चित्रपटाची ही बाजू मला मोलाची वाटते. पण दीड तासाच्या चित्रपटात 200 तासांतले किती मावणार? उरलेल्या मुलाखती जाझच्या इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला ऐकायला मिळाल्या पाहिजेत. जो अंश दिग्दर्शकाला नाट्यमय वाटला नाही, त्यातच कदाचित एखाद्या वादकाने तिच्या लयीबद्दल काही सांगितलं असेल.

याच चित्रपटात बिलीचं जुनं काळं-पांढरं चित्रण रंगवलं आहे. मरीना अमराल या ब्राझिलियन कलावंताचं ते काम आहे आणि कौशल्याचं आहे. तिचा ड्रेस रंगीत होतो, ओठ लाल होतात, त्वचेवर उजेड खेळतो. तरुण प्रेक्षक काळं-पांढरं बघत नाहीत, रंगाने ती जवळची वाटते, असा युक्तिवाद केला जातो. तो मला निम्माच पटतो. रंग म्हणजे अभ्यासाने केलेला अंदाज, आणि अंदाज कितीही चांगला असला तरी कॅमेऱ्याने टिपलेली ती गोष्ट नव्हे. विशेषतः काळ्या स्त्रीच्या त्वचेचा रंग कुणी नंतर ठरवावा, ही फार नाजूक बाब आहे. पुढे अडचण अशी होते की रंगवलेली प्रत चकचकीत, नव्याने साफ केलेली असते, म्हणून तीच सगळीकडे फिरते आणि मूळ प्रत मागे पडते. रंगवा हवं तर. पण न रंगवलेली, न कापलेली प्रत तितक्याच चांगल्या अवस्थेत शेजारी ठेवा.

आता दुसरी बाजू. माहितीपट करणारी माणसं गाणं तोडतात ते नेहमीच अरसिक असल्यामुळे नव्हे. जुनं चित्रण वापरायचं तर हक्कांचे थरावर थर असतात: गीत-संगीताचा हक्क एकाकडे, ध्वनिमुद्रणाचा दुसऱ्याकडे, चित्रणाचा वाहिनीकडे, शिवाय कलावंताचे वारस. पैसे बहुधा वेळेच्या हिशोबाने, सेकंदागणिक मोजले जातात. संपूर्ण गाणं घ्यायचं तर छोट्या निर्मात्याचं अर्धं बजेट तिथेच जातं. काही वेळा हक्क कुणाकडे आहे हेच सापडत नाही. कंपनी बुडालेली असते, विकलेली असते, कागद हरवलेले असतात. म्हणून कात्री कधी सौंदर्यदृष्टी चालवते, तर कधी हिशोबनीस.

पण मग प्रश्न कायद्याकडे जातो. अमेरिकेत 2018 च्या कायद्याने 1972 पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना संरक्षण दिलं. त्या हिशोबाने 1939 मध्ये निघालेली 'स्ट्रेंज फ्रूट'ची रेकॉर्ड 1 जानेवारी 2040 ला सर्वांसाठी खुली होईल. गाणारी जाऊन तेव्हा 80 वर्षं झालेली असतील. एवढ्या मुदतीने त्या गायिकेचं काय भलं होतं, हे मला समजत नाही. तिच्या हयातीत तिला पुरेसे पैसे मिळाले नाहीत, आता दशकानुदशकं ज्यांच्याकडे हक्क विकत आले त्यांना ते मिळत राहतात. भारतात चित्रपट आणि ध्वनिमुद्रणाची मुदत 60 वर्षं आहे, ती मला त्या मानाने शहाणपणाची वाटते. मात्र आपल्याही कायद्यात एक खोच आहे. 2012 च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताला नैतिक हक्क मिळाले. सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर तो दाद मागू शकतो. त्याच कलमाखाली स्पष्टीकरण जोडलं आहे की संपादनासाठी किंवा ठरावीक वेळेत बसवण्यासाठी भाग काढून टाकला, तर तेवढ्याने प्रतिष्ठेला बाधा आली असं मानायचं नाही. व्यवहारात ही सवलत लागते, हे मान्य. पण ती देताना पूर्ण सादरीकरण कुठेतरी जतन व्हावं, बघता यावं, अशी अट घालायला काय हरकत होती?

अशी अट अशक्य कोटीतली नाही. फ्रान्समध्ये छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते, तशीच 1992 च्या कायद्याने रेडिओ-टीव्हीच्या कार्यक्रमांचीही कायदेशीर जमा सुरू झाली. तिथल्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेने, म्हणजे 'इना'ने, 2006 मध्ये आपल्या संग्रहातले हजारो कार्यक्रम इंटरनेटवर लोकांसाठी खुले केले. पॅरिसला येऊन गेलेल्या अमेरिकन जाझ कलावंतांची कितीतरी सादरीकरणं त्यामुळे जिवंत आहेत. स्वतःच्या देशात उपेक्षा झालेल्या माणसांचं गाणं परक्या देशाच्या सरकारी कपाटात नीट सांभाळलं गेलं, याचं कौतुक वाटतं आणि वाईटही.

खासगी कपाटात काय होतं तेही बघू. 1969 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, माउंट मॉरिस पार्कात, सहा रविवार मोठा संगीतमहोत्सव झाला. नीना सिमोन, स्टीव्ही वंडर, महालिया जॅक्सन, सगळे होते. हॅल टलचिनने सुमारे 40 तासांचं चित्रण केलं आणि विकत घ्यायला कुणी पुढे येईना. जवळपास 50 वर्षं त्या टेप तळघरात होत्या. टलचिन 2017 मध्ये गेला. 2021 मध्ये क्वेस्टलवचा 'समर ऑफ सोल' आला, त्याला ऑस्कर मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. नीना सिमोन पियानोवर बसून हजारो काळ्या माणसांशी थेट बोलते तो भाग मी विसरू शकत नाही. गाता गाता ती त्यांना प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट बघते. तिला जाझची गायिका म्हणायचं की नाही यावर पंडितांचं एकमत नाही, तिला स्वतःलाही ते लेबल आवडत नसे. पण पियानोवरचा तिचा डावा हात बाखच्या शिस्तीत वाढलेला आहे आणि गळा चर्च आणि ब्लूजमध्ये, हे कॅमेरा जितका वेळ तिच्यावर राहतो तितकं जास्त कळतं.

तरी त्या चित्रपटातही पुष्कळ गाणी मध्येच थांबतात आणि आजचं कुणीतरी बोलायला लागतं. दोन तासांत तो काळ समजावायचा तर ते अटळ होतं, हे मी मान्य करतो. पण 40 तासांचं ऐश्वर्य हाती असताना प्रत्येक कलावंताचं संपूर्ण सादरीकरण स्वतंत्रपणे दाखवायला हवं. नीनाने त्या दिवशी कुठल्या क्रमाने काय गायलं, कुठे थांबली, पहिल्या गाण्यापासून तिने गर्दी कशी तापवत नेली, हे संपादित चित्रपटातून कळणार नाही. मैफल म्हणजे सुट्या गाण्यांची बेरीज नसते, हे मराठी श्रोत्याला वेगळं सांगायला नको. ख्यालानंतर ठुमरी का घेतली आणि भैरवीआधी काय झालं यावर आपण घरी परतताना अर्धा तास वाद घालतो.

'पूर्ण गाणं दाखवलं तर बघणार कोण' हा निर्मात्यांचा ठरलेला प्रश्न असतो. त्याचं उत्तर पडद्यावरच मिळालं आहे. अरीथा फ्रँकलिनने जानेवारी 1972 मध्ये लॉस एंजलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गॉस्पेल, म्हणजे काळ्या चर्चमधली भक्तिगीतं, गायलं. सिडनी पोलॅकने ते चित्रित केलं, पण क्लॅपबोर्ड न वापरल्याने चित्र आणि आवाज जुळेनात आणि चित्रपट पडून राहिला. 2018 मध्ये 'अमेझिंग ग्रेस' या नावाने तो आला. त्यात नव्या मुलाखती नाहीत, समजावून सांगणारा निवेदक नाही. बाई गाते, घामाने चिंब होते, मागच्या बाकावर लोक उभे राहतात. जगभर लोकांनी तो चित्रपटगृहात जाऊन बघितला. त्याआधीचा 'जाझ ऑन अ समर्स डे' घ्या, 1958 च्या न्यूपोर्ट महोत्सवावर बर्ट स्टर्नने केलेला. अनिता ओडे मोठी हॅट आणि पांढरे हातमोजे घालून भर दुपारी मंचावर येते, 'स्वीट जॉर्जिया ब्राउन' संथ चालीत सुरू करते आणि कॅमेरा तिच्यावर टिकून राहतो. तिची कीर्ती पुढच्या पिढ्यांत टिकली ती फार करून त्या काही मिनिटांवर. त्याच चित्रपटात थेलोनियस मंक पियानो वाजवत असताना मध्ये शर्यतीच्या होड्या येतात आणि त्यांचं धावतं वर्णन मंकवर चढतं. साठहून जास्त वर्षं झाली, तो अन्याय अजून डोक्यात जातो.

'अमेझिंग ग्रेस'च्या बाबतीत एक गोष्ट माझ्या म्हणण्याच्या आड येते, आणि ती टाळून चालणार नाही. अरीथा जिवंत असेपर्यंत तिने हा चित्रपट दाखवू दिला नाही, कोर्टात जाऊन रोखला. तो आला तो तिच्या मृत्यूनंतर, घरच्यांच्या संमतीने. कलावंताला स्वतःचं सादरीकरण लोकांपुढे यायला नको असेल तर? माझं उत्तर असं की कलावंत हयात असताना त्याचा शब्द अखेरचा. माझी हळहळ त्याच्या इच्छेपेक्षा मोठी नाही. पण हा मान ज्याने चित्रण अडवून धरलं त्या व्यापाऱ्याला नाही, गाणाऱ्याला आहे. आणि बिलीच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. तिने ते कार्यक्रम लोकांनी बघावेत म्हणूनच केले होते.

हे सगळं अमेरिकेचं गाऱ्हाणं म्हणून इथे सोडून देता आलं असतं. पण जाझ मुंबईत आणि गोव्यात परकं नव्हतं. तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकन काळ्या वादकांचे बँड वाजत होते आणि त्यांच्याकडून शिकलेले गोव्याचे वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. गोव्याची लाडकी लॉर्ना, ख्रिस पेरीच्या बँडबरोबर गायलेली, तिच्या आणि त्याच्या आयुष्यावर बेतलेला 'नाचुया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट आला आणि नव्या पिढीला ती नव्याने कळली. नटीने उभी केलेली लॉर्ना बघितल्यावर खरी लॉर्ना त्या वयात मंचावर कशी उभी राहायची ते बघावंसं वाटणारच. 1978 पासून मुंबईत निरंजन झवेरींच्या पुढाकाराने 'जाझ यात्रा' भरत होती. रंगभवनात ती ऐकायला जाणाऱ्यांत पुष्कळ मराठी माणसं होती.

आणि आपल्या गवयांचं काय? केसरबाई केरकरांचा 'जात कहाँ हो' 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर निघाला. त्याच केसरबाई गाताना कशा दिसत, हे दाखवायला सांगितलं तर आपण बहुतेक फोटोच काढून ठेवतो. दूरदर्शन आणि फिल्म्स डिव्हिजनने जनतेच्या पैशातून गवयांचं जे चित्रण केलं, त्यातला काही भाग प्रसार भारतीने इंटरनेटवर आणला आहे. हे चांगलंच आहे, पण 'काही भाग' पुरेसा नाही. माहितीपटासाठी तासन्‌तास चित्रित केलेली मैफल, जिच्यातला पाच मिनिटांचा तुकडा पडद्यावर आला, ती संपूर्ण लोकांना मिळाली पाहिजे. पैसे लोकांचे होते, चित्रणावर पहिला हक्कही त्यांचाच. आज तरी कितीतरी मैफली आपल्याला बघायला मिळतात त्या कुणा अज्ञात रसिकाने व्हीएचएसवर उतरवून ठेवल्या आणि नंतर यूट्यूबवर चढवल्या म्हणून. कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह, खाली थरथरणारी रेघ, पण गाणं अखंड. सरकारी संस्थांनी त्यांच्यावर हक्कभंगाच्या नोटिसा काढण्याआधी स्वतःकडची स्वच्छ प्रत बाहेर काढावी.

वेळ मात्र थोडा आहे. ॲसिटेटच्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास यायला लागला की ती सडायला लागलेली असते, आणि ते उलटवता येत नाही. चुंबकीय टेपवरचा थर ओलाव्याने चिकट होतो आणि मुंबई-कोकणच्या हवेत ते लवकर होतं. गोव्यात, वसईत, गिरगावात, वांद्र्यात कुणाच्या माळ्यावर काकांच्या बँडचं आठ मिलिमीटरचं रीळ असेल, लग्नाच्या व्हिडिओत एखाद्या थोर गायिकेची दोन गाणी असतील, तर ती टेप जुन्या प्लेयरमध्ये घालून बघू नका, तुटेल. कोरड्या, थंड जागी ठेवा. डिजिटल करून घेताना गाण्याआधीची सुरावट आणि नंतरच्या टाळ्यासुद्धा ठेवा, मधलं काहीही कापू नका. डब्यावर तारीख, जागा आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. ही नावं सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना याच महिन्यात गाठा.